उद्यमनगरात करून घेतलेली पकडीची प्लेट: इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरून एक परीक्षण

सोल्डरिंग करताना बोर्ड, वायर किंवा कनेक्टर स्थिर धरून ठेवणाऱ्या खुंट्या आणि हात चुंबकाच्या पायांवर उभे करायचे आणि एका जाड लोखंडी प्लेटवर हवे तिथे सरकवायचे, अशी पकडीची व्यवस्था परदेशी कंपन्या तयार विकतात. तीच वस्तू कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांकडून जॉबवर्कने करून घेतली तर ती कशी उतरते, याचे हे परीक्षण आहे. त्यात प्लेट आणि ती करून देणारी सेवा या दोन्हींचा हिशेब आहे, कारण एकीच्या गुणदोषांचे मूळ दुसरीत सापडते. माझे मत आधीच सांगून टाकतो. लोखंडाचे काम इथे उत्तम, स्वस्त आणि अचूक होते. मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलाला काय चालते आणि काय चालत नाही, हे दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि कास्टिंगचे जॉब करणाऱ्या माणसाला माहीत असण्याचे काहीच कारण नसल्यामुळे तो सगळा विचार गिऱ्हाइकाने घरून करून न्यावा लागतो.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांचा आकार कधीच एकसारखा नसतो. शेतीपंपाच्या स्टार्टरचा बोर्ड तळहाताएवढा असला तरी त्यावर जड रिले आणि ट्रान्सफॉर्मर एका बाजूला बसवलेले असतात, दूध संकलन केंद्रातल्या वजनकाट्याचा बोर्ड लांबट असतो आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून येणारे कंट्रोल बोर्ड तेल आणि सुताच्या कचऱ्याने इतके माखलेले असतात की ते हातात धरणेही नकोसे होते. बाजारात ‘थर्ड हँड’ या नावाने मिळणारे साधन, म्हणजे बिडाचा छोटा पाया, दोन क्रोकोडाइल क्लिपा आणि एक भिंग, अशा कामाला पुरे पडत नाही. स्टार्टरचा बोर्ड त्यात अडकवला की पाया उलटतो आणि सांध्यांचे स्क्रू कितीही आवळले तरी जड बाजू हळूहळू खाली येत राहते. क्वाडहँड्ससारख्या अमेरिकी कंपनीने हा प्रश्न जाड लोखंडी प्लेट आणि चुंबकी पायांचे हात देऊन सोडवला आहे आणि ओम्निफिक्सो या नावाने मिळणारे छोटे चुंबकी चिमटेही त्याच वाटेने जातात. दोन्ही वस्तू चांगल्या असल्या तरी त्या इथे मागवायच्या तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किंमत फार चढते आणि तिचा मोठा भाग शेवटी लोखंडाच्या वजनापायीच मोजला जातो. ज्या शहरात लोखंड कापणे, भोके पाडणे आणि टॅप मारणे (भोकात आटे पाडणे) हाच निम्म्या पेठेचा धंदा आहे, तिथे ते वजन बाहेरून आणण्यात अर्थ नाही.

प्लेटचे माप मी ३०० बाय २०० मिलिमीटर आणि जाडी ६ मिलिमीटर ठरवली. लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली तर या मापाची प्लेट सुमारे २.८ किलो भरते आणि हे वजनच तिचा पहिला गुण आहे, कारण डिसोल्डर पंप (वितळलेले सोल्डर ओढून घेणारे साधन) दाबताना किंवा अडकलेला कनेक्टर ओढून काढताना ती जागची हलत नाही. जाडीमागे दुसरे कारण चुंबकाचे आहे. ताकदीचा चुंबक पातळ पत्र्यावर ठेवला की त्याचे सगळे क्षेत्र पत्र्यात मावत नाही, पत्रा लवकर संपृक्त होतो आणि पकड कमी पडते. म्हणून पंख्याच्या कव्हराच्या किंवा जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यावर हा प्रयोग करणाऱ्यांना चुंबकच खराब वाटतात. मध्यम आकाराच्या चुंबकासाठी ४ मिलिमीटरपासून पुढे तक्रार राहत नाही आणि ६ मिलिमीटरमध्ये शिवाय एम ५ किंवा एम ६चे (५ किंवा ६ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे) आटे पुरेसे बसतात. त्याहून जाड प्लेट घेतली तर उचलून बाजूला ठेवणे जिवावर येते.

धातू निवडताना तीन पर्याय समोर येतात आणि त्यांतले दोन लगेच बाद होतात. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही आणि त्याच मापात ते एक किलोही भरत नाही. स्टेनलेस स्टीलबद्दल मात्र गैरसमज बराच आहे. भांड्यांच्या आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांत सर्रास मिळणारे ३०४ प्रतीचे स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही; ४३० प्रतीचे देते, पण ते या जाडीत आणि एका नगापुरते मिळवणे अवघड असते. राहते साधे माइल्ड स्टील, म्हणजे दुकानाच्या भाषेत एमएस. बीडही चुंबकाला धरते आणि कंप शोषण्यात ते एमएसपेक्षा सरस आहे, शिवाय कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव असल्याने तो मोह होतोच. पण एका नगासाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना), ओतकाम आणि वरून मशीनिंग हा सगळा उपद्व्याप करणे व्यवहार्य नाही. त्यापेक्षा प्रोफाइल कटिंग करणाऱ्यांकडे किलोवर मिळणारे कटपीस चाळून पाहावेत, कारण मोठे जॉब कापून उरलेल्या पत्र्यात हे माप सहज निघते आणि मटेरियलचा दर पडतो तो जवळपास भंगाराचा.

आता सेवेविषयी. उद्यमनगरात काम एका छताखाली होत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाने आधी समजून घ्यावी. लेसर कटिंग एकाकडे, ड्रिलिंग आणि टॅपिंग दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे आणि पावडर कोटिंग चौथ्याकडे अशी विभागणी असते आणि जॉब एका दारातून दुसऱ्या दारात नेण्याचे काम गिऱ्हाइकाचे असते. एका नगाचे काम घेऊन गेलेल्या माणसाला मोठ्या कारखान्यात कुणी उभे करणार नाही, पण इथे तसे होत नाही. “एकच नग हाय व्हय? ठेवून जावा, मोठा जॉब उतरला की लावतो,” हे उत्तर मला जवळपास प्रत्येक दारात मिळाले आणि काम झालेही. हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल. त्याचा दुसरा अर्थ असा की आपला जॉब दोन मोठ्या जॉबांच्या फटीत बसवला जातो, त्यामुळे ‘उद्या’ या शब्दाला तारीख समजून निघू नये. ज्याला ठरलेल्या दिवशीच वस्तू हवी, त्याने एकापेक्षा जास्त नग करून घ्यावेत. मी दोन प्लेटी एकदम करवल्या. मशीन लावण्याचा वेळ तितकाच लागत असल्याने दुसऱ्या प्लेटीचा मजुरीचा दर बराच खाली आला आणि दोन वेगवेगळे फिनिश शेजारीशेजारी तपासून पाहण्याची सोयही झाली.

लेसर कटिंगसाठी डीएक्सएफ (संगणकावर काढलेल्या आराखड्याची) फाइल मोबाइलवरून पाठवली तरी चालते आणि कोपऱ्यांना ८ मिलिमीटरची गोलाई देऊन बाहेरची कड कापून घेणे हे काही मिनिटांचे काम आहे. कापाची कड सरळ आणि मापाला बरोबर आली. येथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे छोटी भोके लेसरने पाडून घेऊ नयेत. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेसरने स्वच्छ निघत नाही, त्याची भिंत तापून कडक होते आणि पुढे त्यात टॅप घातला की तो मोडण्याची भीती असते. भोकांच्या जागी फक्त केंद्राची खूण करून घ्यावी आणि एम ५साठी ४.२, एम ४साठी ३.३ मिलिमीटरचे ड्रिल मारून टॅपिंग करावे. दुसरी गोष्ट कडेची. ऑक्सिजन वापरून कापलेल्या एमएसच्या कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो आणि तो न घासता वरून रंग दिला तर रंग त्या पापुद्र्यासकट निघून येतो. ही घासाई कुणाच्याच कामात धरलेली नसते, कारण लेसरवाल्याचे काम कापण्याशी संपते आणि कोटिंगवाल्याचे त्यानंतर सुरू होते. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून ती आपणच करावी किंवा टॅपिंग करणाऱ्याला वेगळे सांगून करून घ्यावी.

टॅपिंगचे काम मात्र असे झाले की त्याविषयी कौतुकच लिहावे लागेल. सेंटर पंच, ड्रिल, चॅम्फर (भोकाच्या तोंडाची कड उतरवणे), टॅप हा क्रम कुणाला सांगावा लागला नाही. भोकांच्या तोंडाला बर (धारदार कोर) राहिला नाही आणि आटे इतके काटकोनात उतरले की ८० मिलिमीटरची खुंटी त्यात फिरवल्यावर गुण्याला लावून पाहिली तरी फट दिसली नाही. याच दुकानात मला सरफेस ग्राइंडिंगचा, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करण्याचा, सल्लाही मिळाला. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण या वस्तूला त्याची गरज नाही. हॉट रोल्ड प्लेटीला थोडा बाक असतो हे खरे. तथापि चुंबकाचा पाया जेमतेम २५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तेवढ्या अंतरात बाकाचा परिणाम शून्य म्हणावा इतका असतो. उलट पातळ प्लेट मॅग्नेटिक चकवर (जॉब चुंबकाने धरणाऱ्या टेबलावर) धरली की चक तिला ओढून सरळ करतो, ग्राइंडिंग त्या ओढलेल्या अवस्थेत होते आणि चक सोडला की प्लेट पुन्हा मूळच्या बाकाकडे झुकते. हे टाळण्यासाठी खाली शिम (पातळ पट्ट्या) देऊन, बाजू उलटत, हळूहळू काम करावे लागते आणि त्याचे पैसे सोल्डरिंगच्या टेबलासाठी मोजण्यात हशील नाही. मिल स्केल (गरम रोलिंगमध्ये पत्र्यावर आलेला काळा पापुद्रा) तेवढी काढून घेतली की पुरे.

भोके किती आणि कुठे, यावर लोक फार खल करतात. परदेशी वर्कशॉपांच्या छायाचित्रांत दिसणारी भोकांची पूर्ण जाळी मोहक असते; मात्र रोजच्या वापरात त्या भोकांमध्ये सोल्डरचे मणी, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे रसायन) आणि कापलेल्या वायरींचे तुकडे साठतात, भोकावर आलेल्या चुंबकाची पकड कमी होते आणि टॅपिंगची मजुरी भोकांच्या संख्येने वाढते. माझ्या प्लेटीला चार कोपऱ्यांत रबरी पायांसाठी एम ५ची भोके आहेत, मागच्या कडेला दिवा किंवा भिंग कायमचे उभे करण्यासाठी एम ६ची दोन आहेत आणि अर्थिंगसाठी बाजूला एम ४चे एक आहे. बाकी पृष्ठभाग पूर्ण कोरा आहे आणि तो तसाच असावा, असे माझे ठाम मत झाले आहे. रबरी पाय लावणे टाळू नये, कारण पायांशिवाय प्लेट प्लायवुडवर चिकटून बसते, खाली ओल धरते आणि उचलताना बोटे घालायला जागा मिळत नाही.

फिनिशच्या बाबतीत कोल्हापूरच्या पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत उघडे एमएस काही दिवसांतच तांबूस पडते आणि त्यावर बोटांचे ठसे असतील तर गंज नेमका त्या ठशांच्या आकारात उमटतो. उद्यमनगरात पहिल्यांदा सुचवले जाते ते ब्लॅकोडायझिंग, म्हणजे लोखंडावर रसायनाने काळा थर आणणे. हत्यारांना ते शोभते आणि त्याचा थर अगदी पातळ असल्याने चुंबकाची पकडही कमी होत नाही. पण तो थर एकटा गंज रोखत नाही, वर तेलाचा हात सतत द्यावा लागतो आणि ज्या टेबलावर बोर्डाचे पॅड (सोल्डर लावायच्या जागा) स्वच्छ ठेवण्यासाठी आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, तिथे तेलकट प्लेट ठेवणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे. म्हणून तो पर्याय मी घेतलाच नाही. एका प्लेटीला झिंक प्लेटिंग केले आणि दुसरीला फिकट राखाडी, मॅट पावडर कोटिंग.

दिसायला पावडर कोटिंगची प्लेट निःसंशय सरस आहे. फिकट मॅट पृष्ठभागावर पडलेला बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारा) रेझिस्टर लगेच दिसतो, दिव्याचा उजेड डोळ्यांवर परततही नाही आणि फ्लक्सचे डाग ओल्या फडक्याने निघतात. परंतु कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि चुंबकाच्या दृष्टीने तो चक्क हवेच्या फटीसारखा वागतो. उघड्या लोखंडावर घट्ट बसणारा पाया कोटिंगवर जाणवण्याइतका सैल पडतो. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण विजेची आहे, कारण कोटिंग विजेचे वहन करत नाही आणि त्यामुळे प्लेटला अर्थिंग दिले तरी तिच्यावर उभी केलेली खुंटी अधांतरीच राहते. कोटिंग करणाऱ्या दुकानाला मी अर्थिंगचे भोक आणि त्याभोवतीची जागा टेप लावून झाकायला सांगितले होते. प्लेट हातात आली तेव्हा आट्यांतही पावडर भाजून बसलेली होती आणि टॅप पुन्हा फिरवून ती काढावी लागली. हे दुकान एरवी दारे-खिडक्यांची जाळी आणि कृषी अवजारे रंगवते, तिथे झाकाझाकीचा प्रश्नच येत नाही, हे समजण्यासारखे आहे. तरीही सांगितलेली गोष्ट झाली नाही, हा दोष नोंदवलाच पाहिजे.

झिंकची प्लेट दिसायला भांड्यांच्या कपाटातल्या फळीसारखी चमकते आणि दिवा नेमका कुठे ठेवायचा याची नवी कटकट सुरू करते. तिच्यावर फ्लक्सचे डाग राहतात, काही ठिकाणी पांढरी भुकटीही धरते. एवढे दोष सांगूनही रोजच्या दुरुस्तीच्या टेबलावर मी तिलाच ठेवले आहे. थर काही मायक्रॉनचाच असल्यामुळे चुंबक पूर्ण ताकदीने बसतो, पृष्ठभाग विद्युतवाहक राहतो आणि अर्थिंगच्या स्क्रूपासून खुंटीच्या टोकापर्यंत मीटरने मोजले तर सलग मार्ग मिळतो. बांधणीचे किट जोडणाऱ्या, नवे बोर्ड भरणाऱ्या माणसाने मात्र पावडर कोटिंगची प्लेट घ्यावी, कारण त्याला सुटे भाग दिसण्याचे महत्त्व अधिक.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याच जागी घरगुती प्लेट धोक्याची ठरू शकते. स्थिर विद्युत बाहेर काढण्यासाठी प्लेट १ मेगओहम रेझिस्टरमधून अर्थला जोडतात, जसा मनगटी पट्टा जोडलेला असतो. यामागचा हिशेब सरळ आहे: चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी त्या रेझिस्टरमधून सुमारे ०.२३ मिलिअँपियर इतकाच प्रवाह वाहतो आणि तो सहसा जाणवतही नाही. पण हाच रेझिस्टर दुसऱ्या बाजूने घातक आहे. चालू बोर्डचा फेज प्लेटला टेकला तर एवढ्या किरकोळ प्रवाहाने एमसीबी पडणार नाही आणि संपूर्ण प्लेट, तिच्यावरच्या सगळ्या खुंट्यांसह, २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहील. म्हणून मेन्सवर चालणारा कोणताही बोर्ड या प्लेटीवर असताना चालू करू नये. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे बोर्ड तर सप्लाय काढल्यानंतरही सुरक्षित नसतात. सिंगल फेज ड्राइव्हच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास आणि ४१५ व्होल्टच्या थ्री फेज ड्राइव्हमध्ये ५८५ व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरने खात्री करून मगच बोर्ड लोखंडावर आणावा. चाचणी घ्यायची वेळ आली की मी बोर्ड उचलून बाजूच्या लाकडी फळीवर नेतो. तयार प्लेटी विकणाऱ्यांनी ही सूचना खोक्यावर ठळक छापायला हवी.

चुंबकांची खरेदी हा सर्वांत फसवा भाग आहे. उघडी निओडिमियम चकती घेऊ नये. ती ठिसूळ असते, प्लेटीवर आपटली की कपची उडते आणि दोन चकत्यांच्या मध्ये बोटाची कातडी चिमटली जाते. लोखंडी वाटीत बसवलेला, मध्ये आटे असलेला पॉट मॅग्नेट घ्यावा, कारण वाटीमुळे सगळे क्षेत्र खालच्या बाजूला एकवटते आणि खुंटी सरळ आट्यात बसते. विक्रेत्याने लिहिलेली किलोतली ओढ मात्र जाड, स्वच्छ लोखंडापासून सरळ वर उचलण्याची असते. आडवे ढकलल्यावर चुंबकाला फक्त घर्षणच थोपवते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते त्या आकड्याच्या फार तर चौथा हिस्सा असते. दहा किलोचा चुंबक दोन-अडीच किलोच्या आडव्या जोराने सरकतो, तो असा. वायर सोलताना किंवा कनेक्टर दाबताना नेमका आडवाच जोर येतो, म्हणून तळाला रबराचा थर असलेले चुंबक घ्यावेत. सरळ ओढ थोडी कमी होते, पण सरकणे बरेच थांबते. बदल्यात रबरामुळे विजेचा मार्ग तुटतो, त्यामुळे झिंकच्या प्लेटीवर मी एकदोन पाय बिनरबराचे ठेवले आहेत आणि बोर्डाचा ग्राउंड त्यांच्यातून घेतला आहे.

चुंबकाचे इतर उपद्रवही आहेत. सोल्डरिंग आयर्नच्या बिटावर (टोकावर) लोखंडाचा मुलामा असतो, त्यामुळे आयसीच्या बारीक पायाजवळ काम करताना बिट बाजूला ओढला जातो आणि ०.५ मिलिमीटर पिचच्या (दोन पायांतले अंतर) आयसीवर तेवढी ओढ शेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल घालायला पुरेशी असते. चुंबकी पाय बोर्डाच्या कडेपासून दोन बोटे लांब ठेवले की हा त्रास जातो. अनेक रेझिस्टर आणि डायोडचे पाय तांब्याच्या मुलाम्याखाली लोखंडाचे असतात. कापलेले तुकडे चुंबकाच्या भोवती केसांसारखे उभे राहतात आणि तिथून एखादा बोर्डाखाली शिरला तर शॉर्ट करतो. टेबल झाडण्याआधी पायांभोवती चिकटपट्टी फिरवण्याची सवय लावून घ्यावी. हॉल सेन्सर आणि रीड स्विच हे चुंबकावर चालणारे भाग असलेल्या बोर्डांची तपासणी प्लेटीपासून दूर करावी, कारण जवळच्या चुंबकामुळे त्यांचे वाचन खोटे येते. साध्या प्रतीचे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची ताकद गमावू लागते, तेव्हा खालून प्रीहीटर (बोर्ड तापवणारे साधन) लावायचे काम असेल तर ही व्यवस्था वापरूच नये. सोल्डरच्या आयर्नची उष्णता पायापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे हाताच्या कामात तशी भीती नाही.

पकडणाऱ्या भागांपैकी लवचीक हात सर्वांत आकर्षक दिसतात आणि त्यांची खरेदी इथे गमतीशीर होते. परदेशी छंदिष्ट जे हात कौतुकाने दाखवतात, ती मूळची लेथ आणि व्हीएमसी (संगणकाने चालणारे मिलिंग) मशीनची कूलंट होज (थंड करणारा द्रव सोडणारी नळी) असते, एकात एक अडकणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांची. उद्यमनगरातल्या टूल विकणाऱ्या दुकानांत ती फुटावर मिळते. पाव इंची होज, खाली पॉट मॅग्नेट आणि वर क्रोकोडाइल क्लिप एवढे जोडले की हात तयार होतो. क्लिपच्या दातांवर हीट श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी, नाहीतर वायरचे आवरण आणि बोर्डाचा मुलामा दोन्ही ओरखडतात. मात्र हे हात वायर, कनेक्टर आणि छोटे मॉड्यूल धरण्यापुरतेच वापरावेत. दोन हातांत धरलेला बोर्ड आयर्न टेकवताच किंचित डुलतो आणि डिसोल्डर पंप सुटला की उडी मारतो. शिवाय होज सहसा ज्या ॲसिटल प्लास्टिकची असते ते १६५-१७५ अंशांना वितळते आणि आयर्नचा बिट ३५० अंशांवर असतो, हे नुसते टेकले तरी कळते.

बोर्डासाठी ताठ खुंट्याच हव्यात. मी वापरतो त्या खुंट्या पितळी एम ३ स्पेसर आणि १० मिलिमीटर गोल बारचे तुकडे यांपासून केल्या आहेत आणि प्रत्येकीच्या माथ्याजवळ १.६ मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद खाच आहे, कारण बहुतेक बोर्डांची जाडी तेवढीच असते. समोरासमोर दोन-दोन खुंट्या सरकवून बोर्ड खाचांत धरला की तो चारही कडांनी बसतो, आकार कोणताही असो. स्टार्टरचा जड बोर्ड यांवर आयर्नच्या जोराला जराही हलत नाही आणि साध्या थर्ड हँडशी तुलना करण्याची गरजच उरत नाही. खाचेची उंची प्लेटीपासून किमान १५ मिलिमीटर ठेवावी. बोर्ड प्लेटीला टेकला तर जवळपास तीन किलो लोखंड सगळी उष्णता पिऊन टाकते आणि ग्राउंडच्या रुंद पट्ट्यांवर १८३ अंशांना वितळणारे ६३/३७ सोल्डरही दगडासारखे वागते. शिसेविरहित सोल्डरला तर २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. उंचीमुळे खालून निघालेले पायही शॉर्ट होत नाहीत. या खुंट्यांच्या खाचा लेथवर काढून घेताना टर्नरने बर तसाच ठेवला होता, तो बारीक कानसीने घालवावा लागला. बोर्डाच्या कडेला ट्रॅक असेल तर अशा बराने तो कापला जातो.

खर्चाचा हिशेब असा. दोन प्लेटींचे मटेरियल, कटिंग, टॅपिंग, झिंक आणि पावडर कोटिंग मिळून दोन हजार रुपयांच्या आत भागले आणि चुंबक, होज, स्पेसर, क्लिपा यांना साधारण तेवढेच पैसे पडले. त्यातही महाग गेले ते चुंबक. हौसेपोटी महिन्यातून एकदा आयर्न हातात घेणाऱ्याला याची जरूर नाही, त्याने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारी स्प्रिंगची बोर्ड पकड घ्यावी. ज्याच्या टेबलावर रोज वेगळ्या मापाचा बोर्ड येतो, त्याने मात्र उद्यमनगराची वाट धरावी. जाताना तोंडी वर्णनावर विसंबू नये; मापे, भोकांची जागा, कोणती बाजू झाकायची आणि कोणती कड घासायची हे कागदावर लिहून, प्रत्येक दुकानासाठी एक प्रत वेगळी न्यावी, कारण एका दारात दिलेला कागद पुढच्या दारापर्यंत पोहोचत नाही. पुढची प्लेट करवली तर माप ४०० बाय २५० घेईन, कारण लांब बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवले की ३०० मिलिमीटरमध्ये हात टेकायला जागा उरत नाही, आणि तिला झिंकच करून घेईन, फक्त चमक घालवण्यासाठी प्लेटिंगच्या आधी वरची बाजू सँड ब्लास्टिंगला देईन. कास्टिंग साफ करणारी ती दुकाने उद्यमनगरातही आहेत आणि शिरोलीच्या एमआयडीसीतही.